सेल्फ फिरतो, गाडी उचलत नाही: जुन्या डिझेल पिकअपची तपासणी

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. शापोरा, मालीमच्या धक्क्यांवरून नुस्ते, म्हणजे मासळी, वाहणाऱ्या बऱ्याच गाड्या तेवढे दिवस एका जागी उभ्या राहतात. जुलैच्या शेवटी त्यांचा सेल्फ मारला की लपलेली दुखणी वर येतात. ही गाडी त्यांतलीच. २००७ सालची पिकअप, चार सिलिंडर, अडीच लिटरचं डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) डिझेल इंजिन, डिझेल दाबाने पुरवणारा रोटरी पंप, कॉम्प्युटर नाही. तक्रार अशी की सकाळी पहिल्यांदा तीन-चार वेळा मिळून वीस-पंचवीस सेकंद सेल्फ मारावा लागतो. मग पांढरा धूर येतो आणि इंजिन एकदाचं धरतं. त्यानंतर दिवसभर चावी फिरवताच सुरू होते. बॅटरी महिन्यापूर्वी नवी बसवलेली, सेल्फचे कार्बन ब्रशही बदललेले, तरी फरक नाही.

अशा गाडीचं पहिलं निदान पाना हातात घेण्याआधी होतं, आणि त्यासाठी गाडी थंड हवी. रात्रभर उभी असलेली गाडी मालकाने गॅरेजपर्यंत चालवत आणली की दोष वाटेतच नाहीसा झालेला असतो. म्हणून ही गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवायला सांगितली आणि सकाळी पहिला सेल्फ मारताना मी सायलेन्सरपाशी उभा राहिलो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबायचं. नाहीतर तापून त्याचं वाइंडिंग जातं आणि एका दोषाचे दोन होतात.

पहिले बारा-तेरा सेकंद धूर अजिबात नव्हता. म्हणजे तेवढा वेळ नोजलपर्यंत, सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या टोकापर्यंत, डिझेल पोचतच नव्हतं. त्यानंतरच्या दहा सेकंदांत डिझेलच्या वासाचा पांढरट धूर येत राहिला, पण इंजिन धरेना. म्हणजे आता डिझेल येत होतं आणि पेट घेत नव्हतं. एकाच सकाळी दोन वेगळ्या तक्रारी एकापाठोपाठ दिसल्या. जुन्या गाडीत हे नेहमीचं आहे. दोन अर्धवट दोष एकत्र आले की गाडी सुरू व्हायला जड होते. त्यातला एकच सुधारला तर फरक थोडा पडतो, आणि माणूस समजतो की आपण चुकीचा भाग बदलला.

डिझेल पेट न घेण्याची कारणं मोजकीच आहेत. इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही, कॉम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबणं) कमी आहे, नोजल फवारा मारण्याऐवजी धार सोडतं, किंवा पंपाचं टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) उशिरा आहे. हीटर प्लगचं, म्हणजे थंड इंजिनाला आतून ऊब देणाऱ्या विजेच्या प्लगचं, नाव मी मुद्दाम घेतलं नाही. या इंजिनाला ते नाहीतच. असते तरी गोव्याच्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा वीसच्या आसपास असतो. तेवढ्या हवेत चांगल्या स्थितीतल्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला हीटरची गरज पडत नाही. थंड मुलखातले सल्ले वाचून इथे आधी हीटर प्लग बदलले जातात, ते पैसे बहुधा वाया जातात. जुन्या इनडायरेक्ट इंजिनाचं (ज्यात डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारतं) मात्र वेगळं. त्यात हीटर मेलेले असतील तर आपल्याकडेही सकाळ जड जाते. तिथे प्रत्येक प्लगचा रोध मोजावा. साधारण अर्धा ते एक ओहम चांगला, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग तुटलेला.

फिरण्याचा वेग मोजायला टॅकोमीटर लागत नाही. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढली की डिझेल बंद होतं आणि इंजिन सुरू न होता नुसतं फिरतं. बॉनेटवर फोन ठेवून पाच सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करायचा. आवाजाच्या आलेखात प्रत्येक कॉम्प्रेशनचा उंचवटा स्पष्ट दिसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन कॉम्प्रेशन येतात. इथे पाच सेकंदांत २२ उंचवटे आले, म्हणजे ११ फेरे, म्हणजे मिनिटाला १३२. थंड डिझेल इंजिनाला निदान १५० आणि सुखाने सुरू व्हायला २०० हवेत. हवा हळू दाबली गेली की तिची उष्णता सिलिंडरच्या भिंतीत निघून जाते आणि रिंगांवरून गळायलाही तिला वेळ मिळतो, त्यामुळे डिझेल पेटवण्याइतकी ती तापतच नाही. इंजिन गरम असताना मात्र हेच १३२ फेरे पुरतात. दिवसभर तक्रार का नव्हती, याचं हे अर्धं उत्तर. धक्का मारून लगेच सुरू होणारी आणि सेल्फवर न होणारी गाडीही याच दोषाकडे बोट दाखवते.

आता वेग कमी का, हे पाहायचं. बॅटरी रात्रभर विसावलेली असताना १२.५८ व्होल्ट होती, म्हणजे चांगली भरलेली. १२.४ ला ती सुमारे तीन चतुर्थांश असते आणि १२.२ ला अर्धी. सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर १०.६ व्होल्ट राहिले. इथे ९.६ च्या खाली गेले असते तर बॅटरीवर संशय घेतला असता. तोच सेल्फ मारताना सेल्फच्या जाड स्टडवर आणि सेल्फच्या अंगावर मीटर लावला, तर आले ८.९. वाटेत १.७ व्होल्ट हरवत होते.

हे हरवलेले व्होल्ट शोधण्याची पद्धत साधी आहे आणि तरी फार कमी जण ती वापरतात. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या खांबावर, क्लँपवर नव्हे. दुसरं टोक जिथपर्यंतचा रस्ता तपासायचा तिथे. आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या स्टडपर्यंत ०.४ व्होल्ट पडले. जरा जास्त, पण अर्ध्या व्होल्टच्या आत. निगेटिव्ह खांबापासून इंजिन ब्लॉकपर्यंत १.३ पडले, आणि तिथे ०.२ ते ०.३ च्या वर जायला नको. मग तोच रस्ता तुकड्यांनी मोजला. खांब ते क्लँप ०.०२, क्लँप ते चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) ०.१५, चासी ते ब्लॉक १.१. दोष सापडला. गिअरबॉक्सच्या शेपटापासून चासीकडे जाणारी विणलेली अर्थ पट्टी, म्हणजे इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे प्रवाहाचा परतीचा रस्ता.

ही पट्टी वरून धड दिसत होती. ओहमवर मोजली असती तर मीटरने तिला चांगलीच म्हटलं असतं. सेल्फ अडीचशे अँपिअरच्या आसपास ओढतो. तेवढ्या प्रवाहाला ०.००५ ओहमचा अडथळाही सव्वा व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध याच्या कित्येक पट असतो. म्हणून जाड केबल कधी ओहमवर तपासू नये, प्रवाह वाहत असताना व्होल्टवरच तपासावी. घाई असेल तर जंपर केबलने बॅटरीचा निगेटिव्ह खांब थेट ब्लॉकच्या उघड्या लोखंडाला जोडून सेल्फ मारावा. फिरणं एकदम सुधारलं तर दोष अर्थचाच. आणखी एक खूण आहे. इंजिनाची अर्थ गेली की प्रवाह मिळेल त्या वाटेने जातो, आणि सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते. ती खूण दिसली तर आधी अर्थ नीट करावी, तोवर सेल्फ मारू नये. केबल आतून जळते.

पट्टी कापून पाहिली तर आत तांब्याचे तंतू हिरवी भुकटी झाले होते. कारण वरच होतं. हौद्यात बर्फाचे आणि मासळीचे क्रेट असतात. त्यांचं खारं पाणी ब्रेक मारला की हौद्याच्या पुढच्या कडेला येतं आणि केबिनमागच्या फटीतून थेट गिअरबॉक्सच्या शेपटावर ठिबकतं. समुद्राची खारी हवा सगळ्याच गाड्यांना लागते, पण नुस्त्याच्या गाडीला ही धार रोज मिळते. पट्टीच्या जागी ५० चौरस मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल बसवली. दोन्ही टोकांना लग (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या) सोल्डरने नव्हे तर प्रेसने दाबून घेतले. चासीवरची जागा रंग काढून चकचकीत केली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि आवळून झाल्यावरच वर पेट्रोलियम जेली लावली. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी जोडायची. आता चासी ते ब्लॉक पडाव ०.१५, सेल्फवर ९.९ व्होल्ट, आणि पाच सेकंदांत ३६ उंचवटे. मिनिटाला २१६ फेरे.

दुसऱ्या सकाळी सेल्फ झपाट्याने फिरला. पहिले आठ-नऊ सेकंद धूर नाही, मग एक छोटा भपका, आणि लगेच स्टार्ट. अर्धा आजार गेला. उरलेला डिझेल उशिरा पोचण्याचा.

रोटरी पंपाच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा फीड पंप नसतो. पंपाच्या पोटातलाच व्हेन पंप टाकीपासून डिझेल ओढतो. त्यामुळे टाकी ते पंप ही सगळी लाइन ओढीखाली असते. तिला बारीक भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी उभी असते तेव्हा त्या भोकातून हवा शिरते आणि डिझेल स्वतःच्या वजनाने टाकीकडे परत उतरतं. खाली थेंब दिसत नाही म्हणून लाइन चांगली आहे, असं समजणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक. त्या चुकीपायी चांगले पंप खोलले जातात.

याची परीक्षा फुकटात होते. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरच्या डोक्यावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप, दाबावा. पहिले पंधरा-वीस दाब पोकळ लागले, मग तो कडक झाला आणि गाडी पटकन सुरू झाली, तर डिझेल उतरतंय. दुसरी परीक्षा उताराची. एक रात्र गाडी तोंड खाली करून उतारावर उभी करायची, चाकांना दगड लावून आणि गिअरमध्ये ठेवून, आणि दुसरी रात्र तोंड वर करून. टाकी मागे असल्याने तोंड खाली असताना डिझेल पंपाकडे राहतं. या गाडीने तोंड खाली असताना तीन सेकंद घेतले, वर असताना चौदा. टाकी भरलेली असताना त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त, हेही त्याचंच लक्षण. अर्ध्या टाकीखाली गेल्यावर हा त्रास अचानकच सुरू होत असेल, तर टाकीतल्या ओढपाइपला चीर असण्याची शक्यता धरावी.

लाइन की पंप, हा निकाल बाटली देते. पंपाचा इनलेट होज काढून तिथे दुसरा होज लावायचा आणि तो पंपापेक्षा उंच टांगलेल्या दोन लिटरच्या बाटलीत सोडायचा. बाटलीत गाळलेलं डिझेल. रिटर्नचा पाइपही त्याच बाटलीत. हवा काढून, एकदा इंजिन चालवून, रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी तीन सेकंदांत गाडी सुरू झाली. म्हणजे पंप, त्याचं सील आणि नोजलच्या रिटर्न नळ्या यांना क्लीन चिट. दोष इनलेट होजच्या मागे, टाकीकडे. बाटलीवरही उशीर झाला असता तर नोजलवरच्या सुती विणीच्या रिटर्न नळ्या आधी पाहिल्या असत्या. स्वस्त असतात, पाच-सहा वर्षांत सुकून फुटतात.

आता भोक नेमकं कुठे? इनलेटला हातभर पारदर्शक नळी लावून इंजिन चालवलं, तर मिनिटाला दोन-तीन बारीक बुडबुडे दिसत होते. नंतर लाइन दोन्ही टोकांनी सुटी केली, एक टोक बंद केलं, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने अर्धा बारपर्यंत हवा भरली आणि साबणाचं पाणी लावत गेलो. टाकीला जोडलेली असताना हवा कधी भरू नये, टाकी फुगते. दोन जागी फेस आला. एक, डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या तोंडाशी क्लिपखाली चिरलेला रबरी होज. दुसरी, चासीच्या आतल्या बाजूने जाणारी लोखंडी नळी, केबिनमागे जिथे पकड बसते त्या पकडीखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक. जागा तीच, खाऱ्या पाण्याच्या फटीखालची. पकडीखाली मीठ आणि तांबडा चिखल अडकतो, पाऊस धुऊन नेत नाही, आणि लोखंड तिथेच कुजतं. डिचोली-साखळीकडच्या खाणपट्ट्यातल्या गाड्यांतही पकडीखालीच पाहावं, तिथे मातीच जास्त असते.

नळीचा दीड मीटरचा तुकडा नवीन ८ मिमीचा घातला आणि प्रत्येक पकडीत रबराची पट्टी दिली. होज डिझेलसाठीचाच घ्यावा. पाण्याची पारदर्शक नळी तपासणीपुरती ठीक, कायमची ठेवली तर काही महिन्यांत कडक होऊन परत हवा घेते. बॅन्जो बोल्टचे (ज्याच्या पोटातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे. जुने पुन्हा आवळले की तिथून हवा शिरायला सुरुवात होते, आणि दुरुस्तीच दोष बनते. सेपरेटरच्या तळाचं पाणीही सोडलं. बरणीत धरलं तर तळाशी बोटभर पाणी आणि काळपट शेवाळासारखा गाळ होता. दोन महिने अर्धी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की असं होतं.

हवा काढताना क्रम महत्त्वाचा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून प्रायमर दाबायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. मग पंपाचा इनलेट. शेवटी नोजलकडचे पाइपचे नट एक फेरा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल उसळू लागलं की आवळायचे. या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा आणि बोट धारेसमोर नको. दाबाखालचं डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं, उशीर झाला तर बोट जातं.

यानंतर सकाळची गाडी तीन सेकंदांवर आली, पण सुरू झाल्यावर अर्धा मिनिट एक सिलिंडर मार खायचा, म्हणजे नीट पेट घ्यायचा नाही, आणि पांढरा धूर निघायचा. आता नोजल काढण्याची वेळ आली, आणि ते निघाले तसं त्याच भोकांतून कॉम्प्रेशनही पाहिलं: २७, २६, २७ आणि २५ बार. या वयाच्या इंजिनाला उत्तम. हेच माप अर्थ सुधारण्याआधी १३२ फेऱ्यांवर घेतलं असतं तर आकडे पडलेले आले असते, आणि कुणीतरी हेड उतरवलं असतं. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन कमी आल्यावर सिलिंडरमध्ये तेल ओतून परत मोजू नये. पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते की तेलानेच आकडा फुगतो, आणि तेल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पंप-नोजलच्या दुकानात टेस्टरवर चारही नोजल लावले. ठरलेला दाब २२० बार. तीन २१० च्या वर उघडत होते आणि धुक्यासारखा फवारा मारत होते. तिसऱ्या सिलिंडरचं १८० वर उघडून टोकाशी थेंब धरत होतं. तिथे नवं नोजल घालून शिमने (पातळ चकतीने) दाब बसवला, आणि चारहींचे खालचे तांब्याचे वॉशर बदलले. टायमिंगला हात लावला नाही. हलवण्यासारखी एकही खूण नव्हती.

गरम झाल्यावर सुरू न होणारी गाडी असती तर मी वेगळ्या वाटेने गेलो असतो. तिथे पंपाचं हेड झिजलेलं असण्याचा संभव मोठा. गरम डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं. इंजिन बंद असताना पंपावर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं ठेवावं. त्यानंतर सुरू झाली तर पंप दुकानात द्यावा. थंड पाणी थेट ओतू नये, आतली फिटिंग मायक्रॉनमधली असते, ती जाम होते.

स्टार्टिंग स्प्रे आणि एअर क्लीनरपाशी धरलेला पेटता बोळा, दोन्हींना माझा ठाम विरोध आहे. स्प्रेतला ईथर वेळेआधीच पेटतो, रिंगा आणि पिस्टनचे कंगोरे तुटतात. हीटर प्लगच्या इंजिनात तर तो तापलेल्या प्लगवर आणखी आधी भडकतो. शिवाय गाडी सुरू होते, आणि ज्या सकाळी निदान झालं असतं ती सकाळ हातची जाते.

शेवटची परीक्षा म्हणून गाडी पाच दिवस सपाट जागी, पाव टाकीवर उभी ठेवली. सहाव्या दिवशी प्रायमरला हात न लावता चावी फिरवली: दोन सेकंद, धूर नाही. चार्जिंग १४.१ व्होल्ट. मग मूळ कारणाकडे वळलो. हौद्याची पुढची फट सीलंटने बंद केली, मागच्या कोपऱ्यात २५ मिमीचं भोक पाडून पाइप लावला आणि तो चासीबाहेर बांधलेल्या २० लिटरच्या कॅनमध्ये सोडला. तो कॅन रोज बाजारात रिकामा करायचा आणि आठवड्यातून एकदा केबिनमागची जागा गोड्या पाण्याने खालून धुवायची. पुढच्या वर्षी ३१ मेच्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून, सेपरेटरचं पाणी सोडून आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून गाडी लावायची. ६१ दिवसांत बॅटरी दर तीन आठवड्यांनी एकदा पूर्ण चार्ज करायची.